जॉब कार्डावरची ओळ

आमच्या घरी लाल कापडी बांधणीची एक हिशेबाची वही आहे. पहिल्या पानावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उभ्या अक्षरात लिहिलं आहे : ‘गाडी ताब्यात घेतली. सकाळी ११. किलोमीटर २३. मागचं डावं दार ढकलल्याशिवाय लागत नाही.’ तारीख मार्च १९७० मधली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आईने बॉनेटवर झेंडूचा हार घातला होता, चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती, चाळीतली सगळी पोरं गॅलरीतून ओणवी होऊन बघत होती. अण्णा मात्र एकेक दार उघडून पुन्हा लावून बघत होते, ते मला स्पष्ट आठवतं.

अण्णा परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात मास्तर होते. गाडी कोणत्या कंपनीची आणि कुणाकडून घेतली ते मी लिहीत नाही. त्यांची बाजू मांडायला त्यांच्याकडचं आज कुणी समोर नाही, आणि मला सांगायचं आहे ते एका दुकानाविषयी नाहीच.

पहिल्या आठवड्याच्या नोंदींनी दोन पानं भरली आहेत. साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं. डावीकडे वळवताना हॉर्न आपोआप वाजतो. पुढच्या उजव्या मडगार्डाचा रंग दारापेक्षा फिकट आहे. गिअरबॉक्सखाली रात्रभर ठेवलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचे सात थेंब. वायपर काचेच्या मधल्या भागाला टेकत नाही. डिकीच्या रबराला दोन इंचांची फट. प्रत्येक नोंदीसमोर उजवीकडे एक रकाना आहे, त्यावर शीर्षक ‘ते काय म्हणाले’. त्यातली उत्तरं वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं. ‘चालवून चालवून बसेल.’ ‘नव्या गाडीचं असंच असतं.’ ‘पार्ट आला की कळवू.’ आणि तिसऱ्या पानावर, तारखेसह : ‘मास्तर, नको असेल तर आत्ता सांगा. यादीतला पुढचा माणूस संध्याकाळपर्यंत घेऊन जाईल.’

हे वाक्य अण्णांनी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ते चिडले नव्हते. ‘खरं बोलला तो,’ एवढंच म्हणाले.

खरंच होतं ते. अण्णांनी गाडीसाठी नाव नोंदवलं होतं १९६२ साली. मधल्या आठ वर्षांत मोठ्या भावाची मुंज झाली, आजी गेली, मी शाळेत जायला लागले, आणि दर दिवाळीला कुणीतरी विचारायचंच, ‘मास्तर, नंबर कधी लागतोय?’ ‘विकत घेणं’ हा शब्द त्या काळी मोटारीसाठी कुणी वापरतच नसे. गाडीचा ‘नंबर लागायचा’. रेशनच्या दुकानात लागतो तसा.

त्यामागे धोरण होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय त्या विक्रेत्याचा तोरा कळत नाही. स्वातंत्र्याआधी मुंबई ही परदेशी गाड्या जुळवण्याचं मोठं केंद्र होती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. खोक्यांतून सुटे भाग बंदरात यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना उभारला आणि १९४७ पासून तिथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं, की नुसते भाग जोडणाऱ्यांनी थांबावं. इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनाच राहता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रवासी गाड्यांचे मुख्य कारखाने उरले तीन, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथले. देशी उद्योग उभा राहावा म्हणून घेतलेला हा निर्णय होता आणि तो उद्योग उभा राहिलाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी लघुउद्योगांनी त्या गाड्यांचे सुटे भाग बनवून संसार केले. पण गाड्या मोजक्याच निघत आणि घेणारे कितीतरी जास्त. म्हणून १९५९ साली वाटप आणि विक्री यांवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. गाडी कुणाला, कोणत्या क्रमाने द्यायची याचे नियम झाले. काही गाड्या सरकारी कोट्यात जायच्या. पुढे १९६९ साली सरकारने किंमतही बांधून दिली.

किंमत सरकारने ठरवलेली, गिऱ्हाईक यादीने ठरवलेलं, गाडी कारखान्यातून येईल तेवढीच. मग विक्रेत्याकडे काम काय उरलं? कागद पुरे करून किल्ली देणं. गिऱ्हाइकाला खूश ठेवून त्याला दुसरी गाडी विकता येत नव्हती, कारण दुसऱ्या गाडीचा नंबर पुन्हा आठ वर्षांनी. नाराज केल्याने तोटा नव्हता. आणि शोरूमबाहेर पाऊल टाकताच त्याच गाडीवर ‘ऑन’ द्यायला माणसं तयार असत, म्हणजे ठरलेल्या किमतीवर वरचे रोख पैसे. सदोष गाडीलाही ‘ऑन’ मिळायचाच. अशा बाजारात दाराची तक्रार घेऊन येणारा माणूस विक्रेत्याला मूर्ख वाटणार, दुसरं काय!

अण्णांना सगळ्यात जास्त टोचली ती एक तुलना, आणि ती त्यांनी वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. मुंबईच्या गिरण्यांत मागावरच्या कामगाराच्या हातून कापड बिघडलं तर पूर्वी ते कापड त्यालाच घ्यायला लावत आणि किंमत पगारातून कापून घेत. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालापर्यंत ही गोष्ट पोचली होती, आणि १९३६ च्या वेतन कायद्याने दंडाला मर्यादा घातली. अण्णांचे वडील स्वतः मागावर होते, त्यांनी असे बिघडलेले तुकडे डोक्यावरून घरी आणलेले होते. अण्णांनी लिहिलंय : ‘आमच्याकडे फोल्डिंग खात्यात प्रत्येक वार दिव्यासमोर धरतात. गाठ सापडली तर विणणाऱ्याला बोलावतात. इथे गाठ त्यांची आणि ती घरी न्यायची आम्ही.’

त्यांनी मग तेच केलं जे तेव्हा सगळे करायचे. नवी गाडी थेट मिस्त्रीकडे नेली. लालबागमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक पडवी आणि रस्त्याचा कडेचा भाग. त्याने दोन दिवस घेतले. सगळे नटबोल्ट आवळले, दाराचे बिजागर उतरवून वॉशर घातले, हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या दांड्याला घासत होती ती बाजूला बांधली. ऑपेरा हाउसच्या मोटार-सामानाच्या दुकानांतून डिकीचं रबर अण्णांनी स्वतः मापून आणलं. रंग तसाच राहिला. बिल एकशे चाळीस रुपये झालं, पंधरा-सोळा हजारांच्या गाडीवर. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, माझ्याकडे नवीच गाडी जास्त येते.’

हे इतकं सर्रास होतं की कुणाला ते वावगंच वाटत नव्हतं. मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ची पट्टी लावायची, पहिले काही हजार किलोमीटर गाडी दमाने चालवायची, आणि त्या काळात जे जे निघेल ते स्वतःच्या खर्चाने नीट करून घ्यायचं. घर बांधल्यावर गिलावा आपण करून घेतो, तसं. दोष हा गाडीचा भागच मानला गेला. त्या वीस-पंचवीस वर्षांत एका अख्ख्या पिढीला शिकवलं गेलं, की नव्या वस्तूतल्या दोषाबद्दल विचारणं म्हणजे कटकट करणं. माझ्या मते त्या नियंत्रणाच्या काळाने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. परवाने गेले, रांगा गेल्या, पण ही शिकवण काउंटरच्या दोन्ही बाजूंना अजून शिल्लक आहे.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. गाड्यांचा दर्जा घसरल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या होत्या की साठच्या दशकातच त्याची चौकशी करायला एक समिती नेमावी लागली. पण खरी लढाई किमतीवर झाली. सरकारने ठरवलेल्या किमतींविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, निवृत्त सरन्यायाधीशांचा आयोग बसला, पत्रा किती, मजुरी किती, नफा किती याचा पैशापैशाने हिशेब झाला. निकाल लागला १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये. अण्णांनी त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण वहीत चिकटवलं आहे. खाली त्यांची टीप : ‘यात दाराचा खर्च कुठे आहे?’

कायद्याने अण्णांच्या हातात काय होतं? १९३० चा मालविक्रीचा कायदा होता. त्याचं सोळावं कलम सांगतं, की वस्तू कशासाठी हवी ते विकणाऱ्याला माहीत असेल आणि गिऱ्हाईक त्याच्या जाणकारीवर विसंबलं असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. वर्णनावरून घेतलेली वस्तू विकण्याजोगी असली पाहिजे. पण गिऱ्हाइकाने वस्तू तपासून घेतली असेल तर तपासणीत दिसायला हवा होता असा दोष त्याच्या पदरात. म्हणजे चारही दारं उघडून बघणाऱ्या अण्णांची सावधगिरीच त्यांच्यावर उलटली असती. आणि दिवाणी दावा म्हणजे कोर्ट फी, वकील, तारखा. एका दारासाठी कोण जाणार?

इथे मला न्यू जर्सीची एक गोष्ट सांगायची आहे. ती दूरची वाटेल, पण त्या खटल्यातली गाडी प्लिमथ होती, कुर्ल्याला जुळत होत्या त्याच कंपनीची. १९५५ च्या मे महिन्यात हेनिंगसन नावाच्या गृहस्थाने मातृदिनाची भेट म्हणून पत्नीसाठी नवी प्लिमथ घेतली. दहा-बारा दिवसांत, मीटरवर ४६८ मैल असताना, पत्नी गाडी चालवत होती. खालून काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला, स्टिअरिंग हातात गरकन फिरलं आणि गाडी विटांच्या भिंतीवर गेली. गाडी एवढी चेपली की नक्की काय तुटलं ते सांगता येईना. विक्रेता आणि कंपनी, दोघांनी खरेदीच्या कागदाच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर पुढे केला : ९० दिवस किंवा ४,००० मैल, तेही फक्त सदोष भाग बदलून देऊ, आणि भाग कारखान्यात पाठवण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. बाकी कसलीही हमी नाही. अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने मिळून ठरवलेला हाच मजकूर सगळ्यांच्या कागदावर होता, त्यामुळे दुसऱ्या दुकानात गेलं तरी फरक पडत नव्हता.

१९६० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बारीक मजकूर रद्दबातल ठरवला. गिऱ्हाइकाला निवड नसताना सही घेतलेली अट लोकहिताविरुद्ध आहे, म्हणाले. आणि कंपनीचा गिऱ्हाइकाशी थेट करार नसला तरी गाडी चालवण्याजोगी असण्याची जबाबदारी विक्रेत्यासह कंपनीवरही येते, असं सांगितलं. पुढे १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने कायद्यात आकडाच लिहिला : एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. इतर राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. आपल्याकडे असा आकडा कुठल्याही कायद्यात आजही नाही. चार वेळा की चौदा वेळा, हे प्रत्येक गिऱ्हाइकाने नव्याने भांडायचं.

आपल्याकडची वाट वेगळ्या दारातून निघाली आणि त्यात मुंबई-पुण्याचा वाटा मोठा आहे, याचा मला अभिमान आहे. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. भेसळ, वजनं, मापं यांपासून त्यांची सुरुवात. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत झाली. आमच्या चाळीत तिची पहिली ओळख झाली ती एकत्र मागवलेल्या वाणसामानाने. पोती यायची, बायका जिन्याखाली बसून तूरडाळ, गूळ, शेंगदाणे वाटून घ्यायच्या. आई त्यात होती. तूरडाळीत खडे निघाले तर कुणाला सांगायचं हे तिथे ठरलेलं असे, आणि सांगितलं तर पुढच्या खेपेला ती डाळ येत नसे. तिथे बसून मी पहिल्यांदा बघितलं, की तक्रार करणारी बाई इतरांना आगाऊ वाटत नाही. उलट बाकीच्या म्हणतात, बरं झालं सांगितलंस.

१९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचं कलम आलं. मग २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. जिल्हा मंचापुढे सुरुवातीला एक लाखापर्यंतची प्रकरणं येत. फी नाही, वकिलाची सक्ती नाही, साध्या कागदावर मराठीत तक्रार लिहा. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते. अण्णांनी तो कायदा आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि तेराव्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढली : दोष नुसता बघून कळत नसेल तर वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा. ‘डाळीचा पाठवतील,’ ते म्हणाले, ‘गाडीचा नमुना कसा काढणार?’

पुढे ठाण्यात राहायला आल्यावर, निवृत्तीनंतर, मी एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात दर शनिवारी बसू लागले आणि अण्णांचा प्रश्न किती नेमका होता ते दरवेळी दिसू लागलं. गाडीच्या तक्रारी बहुतेक तिथेच अडतात. आवाज येतो, गाडी एका बाजूला ओढते, मायलेज मिळत नाही. दोष उत्पादनातला आहे हे सिद्ध कोण करणार? ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा मंच, म्हणतो, तज्ज्ञाचा अहवाल आणा. मग अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे नाहीतर आरटीओच्या निरीक्षकाकडे जा, अर्ज करा, फी भरा. तोवर गाडी तीस हजार किलोमीटर चाललेली असते आणि समोरचा वकील विचारतो, एवढी चालली म्हणजे चांगलीच नाही का?

सर्वोच्च न्यायालयाचे निकालही एका रेषेत नाहीत. २००४ साली त्याने सदोष गाडी नवी म्हणून विकण्याला लाजिरवाणं म्हटलं आणि कंपनी व विक्रेता दोघांनाही जबाबदार धरलं. २००६ मध्ये, क्लचच्या तक्रारीच्या एका प्रकरणात, वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन आहे म्हणून अख्खी गाडी बदलून द्यायचा खालचा आदेश रद्द झाला. ग्राहकाला येण्याजाण्याच्या खर्चापोटी ५०,००० रुपये मिळाले. न्यू जर्सीने १९६० साली जो बारीक मजकूर फाडला, तो आपल्याकडे सेहेचाळीस वर्षांनी टिकला. मला हा निकाल पटत नाही. कंपनीने स्वतः लिहिलेल्या कागदाने कंपनीची जबाबदारी किती ते ठरू नये.

आणि गोव्याचं प्रकरण तर मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते. २०११ साली एका ग्राहकाने नवी गाडी घेतली. ती निघाली २००९ साली बनलेली आणि आधी वापरलेली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय आयोगाने कंपनी आणि विक्रेता दोघांनाही दोषी ठरवलं. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सोडलं. कंपनी आणि विक्रेता यांचं नातं मालक-नोकराचं नाही, दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे. विक्रेत्याच्या या करणीची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येणार नाही. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. पण शोरूमवर पाटी कंपनीची असते, गणवेशावर चिन्ह कंपनीचं असतं, माणूस कंपनीच्या नावावर विसंबून पैसे भरतो. तक्रारीच्या दिवशी मात्र ते दोन परके व्यापारी होतात. ‘ते कंपनीशी बोला.’ ‘ते डीलरशी बोला.’ या दोन वाक्यांमध्ये मी कितीतरी माणसं महिनोन्‌महिने फिरताना बघितली आहेत.

एकदा माझ्यावरच वेळ आली. २०१३ साली आम्ही नवी गाडी घेतली. जुलैमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर पुढच्या डाव्या सीटखालचं मॅट ओलं झालं. वर्कशॉपमध्ये नेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मुलगा नम्र होता. ‘मॅडम, एसीचं पाणी असेल. पावसाळ्यात होतं.’ एसीची नळी साफ करून दिली. आठवड्याने पुन्हा ओलं. पुन्हा नळी. तिसऱ्या वेळी मॅटखालच्या फोमला कुबट वास यायला लागला होता आणि सीटच्या पट्टीवर गंजाचा ठिपका दिसला. फ्लोअर मॅनेजर म्हणाले, ‘तुम्ही काच थोडी उघडी ठेवली असेल.’ घरी येऊन मी तिन्ही जॉब कार्डं समोर ठेवली. तिन्हींवर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात छापलेलं होतं : जनरल चेकअप, वॉशिंग. पाण्याचा उल्लेखच नाही! मी बँकेत अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासले, आणि या तीन कागदांवर न वाचता सही केली होती.

हे मुद्दाम होतं का, असं मी पुढे एका निवृत्त वर्क्स मॅनेजरांना विचारलं. त्यांनी मोकळेपणाने समजावलं. वॉरंटीतल्या कामाचे पैसे विक्रेत्याला कंपनीकडून येतात, त्यांचा दर कमी, मंजुरी लांबते. त्याच दोषासाठी गाडी पुन्हा आली की ते काम ‘रिपीट’ म्हणून चढतं आणि शोरूमचा दर्जा घसरतो. म्हणून पुन्हा आलेली गाडी पुन्हा आलेली दिसू नये, अशी सोय कागदावर केली जाते. ‘त्या पोराचा पगार त्यावर असतो, ताई,’ ते म्हणाले. मला त्या मुलाचा राग उरला नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली : आयोगापुढे अनेकदा जॉब कार्डं हाच गाडीचा इतिहास असतो, आणि तो समोरचा माणूस लिहितो.

मी अण्णांची वही काढली. चौथ्या खेपेला गाडी दिली तेव्हा जॉब कार्डावर माझ्या हाताने लिहिलं, ‘पुढच्या डाव्या बाजूला पावसाचं पाणी आत येतं, चौथी वेळ’, आणि त्यांचा सही-शिक्का घेतल्याशिवाय किल्ली दिली नाही. तो अ‍ॅडव्हायझर मुलगा दहा मिनिटं मॅनेजरांशी बोलला. मी थांबले. मग विक्रेता आणि कंपनी दोघांनाही एकच पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. मुद्दाम एकच, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर दोघांच्याही हातात तोच कागद असावा. तीन आठवड्यांनी कंपनीचा एरिया इंजिनिअर आला. त्याने एका माणसाला टॉर्च घेऊन आत बसवलं आणि बाहेरून पुढच्या काचेवर वीस मिनिटं पाइपने पाणी सोडलं. अकराव्या मिनिटाला आतून आवाज आला, ‘दिसलं!’ काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सीलंटची रेघ बोटभर तुटलेली होती. कारखान्यातून तशीच आली होती. काच काढून पुन्हा बसवली, फोम बदलला. त्यानंतर मॅट कधी ओलं झालं नाही. आयोगाची पायरी चढावी लागली नाही.

आता २०१९ चा नवा कायदा आहे, जुलै २०२० पासून लागू. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, उत्पादकाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण त्यात आहे. २०१९ सालीच मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या सगळ्याचा उपयोग होतो. एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला, तो वाचून आमच्या केंद्रात पेढे वाटले होते.

गेल्या शनिवारी कल्याणहून एक तरुण आला. पहिली गाडी, कर्ज सात वर्षांचं, बायको गरोदर. गाडी चढावर मध्येच बंद पडते. पाच वेळा वर्कशॉपमध्ये नेली. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाच जॉब कार्डं काढून टेबलावर ठेवली. मी एकेक उलटून बघितलं. जनरल चेकअप. जनरल चेकअप. सॉफ्टवेअर अपडेट. जनरल चेकअप. जनरल चेकअप. तो म्हणाला, ‘मॅडम, मी दरवेळी सांगितलं होतं हो. तोंडी.’

मी कोरा कागद घेतला आणि अण्णांच्या वहीतले रकाने आखले. तारीख. किलोमीटर. काय झालं. ते काय म्हणाले. पाचवा मी माझा घातला : त्यांनी काय लिहिलं. त्याला म्हटलं, आठवेल तेवढं मागचं इथे बसून लिही, मग तेच पत्रात घालू, आणि पुढच्या वेळी कार्डावर तू स्वतः लिहायचं. त्याने मोबाइल काढला, गाडी बंद पडली तेव्हा बायकोला केलेले फोन शोधले आणि त्यावरून तारखा जुळवायला लागला. पहिली तारीख सापडली : १४ ऑगस्ट, रात्री ९.२०, मुंब्रा बायपासचा चढ. त्याने ती लिहिली आणि विचारलं, ‘किलोमीटर अंदाजे चालतील?’ मी म्हटलं, पेट्रोलच्या पावत्या असतील तर बघ. त्याने पिशवी पुन्हा उघडली.